चौतीस इंचांचा पुठ्ठा

आमच्या तलासरीच्या ऑफिसात लोखंडी कपाटामागे चार पुठ्ठे उभे आहेत. एकोणतीस इंची, चौतीस इंची, अडतीस इंची आणि एकोणपन्नास इंची. चिकूच्या खोक्यांचे आहेत. एकावर एक थर चिकटवून कडक केलेले, कडांना काळी चिकटपट्टी. एकोणपन्नास इंचीच्या पाठीवर अजून हिरव्या शाईतला अर्धा चिकू दिसतो. पुढच्या महिन्यात ऑफिस हायवेलगतच्या नव्या इमारतीत जाणार आहे. काय न्यायचं आणि काय टाकायचं, अशा दोन याद्या करायचं काम माझ्याकडे आलं आहे. याद्या इथे मीच करते. एकूण एक खुर्चीचा, पंख्याचा, फाइलचा निकाल लावून झाला. पुठ्ठ्यांचा लागत नाही.

पुठ्ठे काकांचे.

काका आमचे ड्राफ्ट्समन. घरांचे, शेडचे, शेतजमिनीच्या आखणीचे नकाशे काढायचे. उधव्याकडून येणारे शेतकरी त्यांना ‘नकशावाले काका’ म्हणत, त्यामुळे आम्हीही काकाच म्हणायला लागलो. आमचे साहेब इंजिनियर. ते दिवसभर साइटवर. ऑफिसात आम्ही दोघंच, मी फाइली आणि पत्रव्यवहार बघायची आणि काका रेघा ओढायचे. आम्ही दोघंही डहाणूचे. सकाळी एकाच एसटीने यायचो, संध्याकाळी एकाच एसटीने जायचो. काकांच्या घरात गुजराती, बाजारात मराठी. त्यामुळे त्यांचं प्रत्येक दुसरं वाक्य ‘ने’वर संपायचं. “आजे गाडी लेट आहे ने?” “चहा सांगितला ने?” मला ते ‘यादीबाई’ म्हणत. पहिल्यांदा मी रागावले होते. नंतर कोणी मॅडम म्हटलं की चुकल्यासारखं व्हायला लागलं.

त्यांची वीत बरोबर नऊ इंचांची होती. मी पट्टीने तपासली आहे. या वितेने ते दिसेल ते मोजायचे. स्टँडवरचा बाक, एसटीची खिडकी, माझा डबा, साहेबांच्या नव्या बुटांचं खोकं. खिशात घडीची फूटपट्टी असायची, पण ती बाहेर काढणं त्यांना स्वतःच्या हातावर अविश्वास दाखवल्यासारखं वाटायचं.

आणि त्यांचा एक नियम होता. मोजून झालेली वस्तू लगेच घ्यायची नाही. आधी तिच्या जागी खोटी वस्तू ठेवायची आणि तिच्यासोबत आठ दिवस राहायचं.

घराच्या नकाशालाही हाच नियम. भातकापणीनंतर शेत मोकळं झालं की घर बांधणाऱ्यांना ते सांगायचे, नकाशाप्रमाणे जमिनीवर दोरी बांधा, चुना टाका आणि त्यात येऊन बसा. उधव्याचं एक जोडपं होतं. नवरा लाजला. म्हणाला, “काका, लोक हसतील. रिकाम्या शेतात दोरीत बसून काय करू?”

“जेवा,” काका म्हणाले. “स्वयंपाकघरात बसून जेवा. झोपायच्या खोलीत आडवे व्हा.”

बाई मात्र दोरीच्या स्वयंपाकघरात तीन दगडांची चूल मांडून खरंच बसली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात येऊन तिने नकाशावर बोट ठेवलं. “दार इकडे नको. धूर सगळा सासूच्या खाटेवर जातो.”

“मग?”

सोबत आलेला नवरा म्हणाला, “हिला चालेल, मला चालणार नाही.” बाई तोंडाला पदर लावून हसली. काकांनी दार हलवलं. त्या दिवशी ते इतके खूश होते की एसटीत कंडक्टरलाही ती गोष्ट सांगितली.

आता ज्याच्यासाठी हे पुठ्ठे कापले त्या मॉनिटरचं सांगते. त्याआधी एक गोष्ट सांगायला हवी. मला ती तेव्हा माहीत नव्हती, पण ती न सांगता पुढचं सांगणं खोटेपणाचं होईल. काकांना काचबिंदू होता. त्यांची नजर कडांकडून मिटत चालली होती. समोरचं लख्ख दिसायचं, बाजूचं हळूहळू जात होतं. गेलेलं परत येणार नव्हतं. औषधाने फक्त जाण्याचा वेग कमी होणार होता. असा माणूस रुंद पडदा निवडायला बसला होता आणि मी त्याच्यासमोर वही उघडून मुद्दे लिहीत होते.

काकांच्या टेबलावर शेजारी शेजारी दोन मॉनिटर होते. मध्ये दोघांच्या कडांची काळी फट. लांबट प्लॉटचा नकाशा दोन्हींवर पसरला की काहीतरी त्या फटीत पडायचंच. “बघा यादीबाई, या माणसाची विहीर नेमकी भेगेत पडली,” काका म्हणायचे. “पाणी लागणार नाही त्याला.”

हे झालं कामाचं. दुसरं होतं ट्रकचं.

सहाला काम संपायचं आणि आमची गाडी सातला. त्या एका तासात काका कॉम्प्युटरवर ट्रक चालवायचे. परदेशातले रस्ते, माल भरायचा, पाचशे किलोमीटरवर नेऊन उतरवायचा. गोळीबार नाही, शर्यत नाही. मला वाटायचं, ज्याच्या खिडकीबाहेर चोवीस तास हायवे धावतोय त्याने हे खोटे ट्रक कशाला बघावेत? काकांचे वडील याच हायवेवर ट्रक चालवायचे. सुट्टीत काका त्यांच्यासोबत केबिनमध्ये असायचे, मधल्या जागी, गिअरला गुडघा लावून. वडील म्हणायचे, समोरचं सगळेच बघतात, ड्रायव्हर तो ज्याला दोन्ही आरसे दिसतात. विवळवेढ्याला महालक्ष्मीचा डोंगर दिसला की एकदा हॉर्न वाजवायचे. काकांनाही ट्रकच चालवायचा होता. वडिलांनी त्यांना ड्रॉइंगच्या क्लासला घातलं.

साध्या मॉनिटरवर त्या खेळात दोन्ही आरसे एका वेळी दिसत नाहीत. डावीकडे बघायला एक बटण, उजवीकडे बघायला दुसरं. “मान वळवायला बटण दाबायचं म्हणजे काय?” काका चिडायचे. रुंद पडद्यावर अख्खी केबिन येते, काच, दोन्ही खिडक्या, दोन्ही आरसे. त्यांनी हे कुठेतरी व्हिडिओत पाहिलं आणि साहेबांकडे गेले.

साहेब चांगले. म्हणाले, “घ्या. पण एकच घ्या. काम आणि तुमचा तो ट्रक, दोन्हीला एकच. आणि निवड यादीवाल्या मॅडमच्या सल्ल्याने.”

झालं. वही आली, पुठ्ठे आले.

पहिला पुठ्ठा एकोणतीस इंची. काकांनी तो दोन विटांना टेकवून टेबलावर उभा केला. आठ दिवस खरे मॉनिटर खाली जमिनीवर आणि काका मधूनमधून पुठ्ठ्याकडे बघत बसलेले. त्यावर त्यांनी पेन्सिलने केबिन काढली, स्टिअरिंग, काच, दोन आरसे. एक शेतकरी सातबारा घेऊन आला होता. बराच वेळ शांतपणे बघून त्याने विचारलं, “काका, हा टीव्ही कधी लागतो?”

“सहा वाजता,” काका म्हणाले. तो माणूस खरंच थांबायच्या तयारीत होता. मी त्याला घरी पाठवला.

एकोणतीस इंची रुंदीला चालला, उंचीला बुटका निघाला. ड्रॉइंगच्या वरच्या मेनूतच अर्धा पडदा जाईल, असं काकांचं मत. अडतीस इंची छान बसला, पण आमच्या कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड एवढ्या ठिपक्यांचं चित्र पळवू शकणार नाही, असं डहाणूच्या दुकानदाराने फोनवर सांगितलं. एकोणपन्नास इंची सव्वा मीटर लांब होता. टेबलाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आला. साहेबांनी बघून विचारलं, “काका, यावर मॉनिटर ठेवायचा की जेवायला बसायचं?”

राहिला चौतीस इंची. तिथे वळणाचा प्रश्न आला. सरळ घ्यायचा की वक्र? ट्रकला वळण बरं, दोन्ही आरसे जवळ येतात. पण ड्रॉइंगला? सरळ भिंत वाकडी दिसली तर? खोक्यावर ‘१८०० आर’ असं लिहिलेलं असतं. मला ते मॉडेलचं नाव वाटलं. काकांचा चेहरा मात्र उजळला. “अहो, ही त्रिज्या आहे! अठराशे मिलिमीटरच्या वर्तुळाचा तुकडा आहे हा!” त्यांनी टेबलं सरकवली, खिळ्याला सुतळी बांधली आणि ऑफिसच्या फरशीवर खडूने अख्खं वर्तुळ काढलं. मधोमध स्वतः खुर्ची टाकून बसले. साहेब साइटवरून आले ते दारातच थबकले.

“आज पूजा आहे का?”

“मध्ये बसलं की सगळं सारख्या अंतरावर येतं,” काका वर्तुळातून म्हणाले. “काहीच लांब नाही, काहीच जवळ नाही. बघा ने बसून.”

साहेब बसले. मग मी बसले. नुसतीच फरशी आणि खडूची रेघ होती, पण साहेब पुन्हा एकदा बसले.

अंतराचाही नियम ठरला. डोळ्यांपासून पडदा एक हात आणि एक वीत. हात म्हणजे कोपरापासून बोटांपर्यंत. दोन्ही मिळून त्यांच्या मापाने सत्तावीस इंच. काकांनी खुर्चीच्या मागच्या पायांशी फरशीवर पांढऱ्या मार्करने दोन रेघा ओढल्या. “इथून हलायचं नाही. पुढे गेलं की मान फिरते, मागे गेलं की अक्षर जातं.”

याच दिवसांत ते एकदा माझ्या पाठीमागे उभे राहिले. म्हणाले, “नाकासमोर बघा. माझी बोटं मागून पुढे येतील. दिसली की सांगा.”

बोटं कानांच्या रेषेत आली तसं मी म्हटलं, “दिसली.”

“एवढ्यात?”

“हो.”

त्यांनी पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं. “तुमचे डोळे कानांपर्यंत आहेत, यादीबाई,” म्हणाले. मला ते कौतुक वाटलं. वहीत मी लिहिलं, ‘बाजूची नजर, उत्तम.’ कोणाची, ते लिहिलं नाही. उलट त्यांच्या मागे उभं राहून त्यांची तपासणी करावी, हे माझ्या मनातही आलं नाही.

मनात न आलेल्या गोष्टींची यादी मी नंतर केली. काकांनी स्कूटर सोडून एसटी धरली होती. गाडी आता अ‍ॅव्हरेज देत नाही, म्हणाले होते, आणि मी पासाचा फॉर्म आणून दिला होता. त्यांच्या डाव्या कोपराने आठवड्यातून दोनदा चहाचा ग्लास लवंडायचा. मी वहीत लिहिलं, ‘काकांचा चहा समोर ठेवणे.’ ग्लास लवंडायचा थांबला. माझी पद्धत चालली, म्हणून मी समाधानी होते.

चौतीस इंची, वक्र, असं नक्की झालं त्या दिवशी काका म्हणाले, “बस ने आता. घेऊन टाकू या.”

मी वही उलटली. “अजून तीन मुद्दे आहेत. विजेचं काय? इथे दिवसातून चारदा दिवे जातात. बॅटरी किती वेळ ओढेल ते बघायला हवं. आणि गेम वेगात चालताना काळ्या रंगात धूसर शेपूट दिसते म्हणतात काही पडद्यांवर. दिवाळीनंतर नवीन मॉडेल येतात. थांबू.”

काकांनी पुठ्ठा पुन्हा विटांना टेकवला. मग म्हणाले, “थांबू. तुमची यादी अर्धी नको.”

असे आठ महिने गेले. दोन सारख्या माणसांनी मिळून केलेली चूक होती ती. त्यांना खोट्या वस्तूसोबत राहायची सवय आणि मला मुद्दा सुटला तर झोप न यायची. कोणी तिसरा असता तर आठ दिवसांत दुकानात गेला असता.

मॉनिटर आला तो एका गुरुवारी. काकांनी खोकं उघडायच्या आधी पुठ्ठ्याशी ताडून पाहिलं. अर्ध्या इंचाचाही फरक नव्हता. दिवसभर त्यांनी ड्रॉइंग केलं. प्लॉट अख्खा आला, विहीर विहिरीच्या जागी. सहा वाजता ट्रक लावला. खुर्ची पांढऱ्या रेघांवर. साहेबही मुद्दाम थांबले होते. पडद्यावर केबिन उघडली आणि मला पहिल्यांदा कळलं की हा माणूस एवढे दिवस काय मागत होता. समोर काच, काचेतून ओला रस्ता, आणि दोन्ही टोकांना दोन आरसे. त्यांत मागे पडत जाणारी झाडं.

“मस्त!” साहेब म्हणाले.

काका समोर बघत होते. मग हळू आवाजात म्हणाले, “डावा आरसा कुठाय?”

“तिथेच आहे की, काका.”

त्यांनी मान डावीकडे वळवली. “हां. आहे.” मग उजवीकडे वळवली. “हाही आहे.” पुन्हा समोर. ट्रक चालू न करताच ते बसले होते. साहेबांना वाटलं, बटणं शोधताहेत. ते पाठीवर थाप मारून निघाले.

जिन्यावरचे पावलांचे आवाज संपले तसं काकांनी सांगितलं. वलसाडच्या डॉक्टरांनी कागदावर दाखवलं होतं, पांढऱ्या गोलाच्या कडेने काळं आत येताना. “मधलं सगळं फर्स्ट क्लास आहे. रेघ चुकणार नाही माझी.”

“कधीपासून?”

“एकोणतीस इंचीचा पुठ्ठा होता ने, त्याच्याही आधीपासून. पण तेव्हा आरसे दिसले असते. त्या पुठ्ठ्यावरचे दिसायचे.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुम्ही मुद्दा लिहिला असता. वही साहेबांनी वाचली असती. नजर जाणाऱ्या ड्राफ्ट्समनकडून घर कोण काढून घेणार, यादीबाई?”

मला रडू येत नाही पटकन. मी म्हटलं, “काही उपाय असेल.” खरं म्हणजे मला पुढचा मुद्दा लिहायचा होता आणि तो सापडत नव्हता.

काकांनी तो शोधला. ते उठले, खुर्ची एक वीत मागे घेतली, बसले. मग आणखी एक वीत. मग दोन. पाचव्या वितेला थांबले. हात कीबोर्डपर्यंत पोचत नव्हता म्हणून मी तो त्यांच्या मांडीवर आणून ठेवला. बिनतारी घेतला होता, तेवढा एक मुद्दा कामाला आला.

“आला,” ते म्हणाले. “दोन्ही आले.”

त्यांनी मार्कर मागितला आणि खुर्चीच्या पायांशी नव्या रेघा ओढल्या. शेजारी तारीख टाकली. आपलाच नियम मोडला म्हणून मला डोळा मारला. मग ट्रक चालू केला. त्या परदेशी रस्त्यावर डावीकडे एक डोंगर येतो, सुळक्याचा. तो आला तसं काकांनी एकदा हॉर्न वाजवला आणि क्षणभर कीबोर्ड सोडून हात जोडले. ट्रक दुभाजकाला घासला.

“दंड बसला,” मी म्हटलं.

“बसू दे.”

त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं ते ऑफिसात होते. दिवसा पहिल्या रेघेवर बसून काम करायचे, नकाशाचा एकेक तुकडा डोळ्यांसमोर आणून. रेघ खरंच चुकली नाही. मी प्रत्येक नकाशाच्या चारी कडा नजरेखालून घालायचे, त्यांना न सांगता. त्यांना ते माहीत होतं. संध्याकाळी सहाला खुर्ची मागे जायची. दर दोन-तीन महिन्यांनी ती आणखी मागे सरकायची, मार्कर निघायचा, तारीख पडायची. शेवटी शेवटी पडद्यावरची अक्षरं त्यांना लागत नव्हती, पाटी आली की मी वाचायचे. “उजवीकडे वळा म्हणतंय.” “आरशात कोण आहे?” “कोणी नाही.” “मग घेतो.” शेवटच्या रेघा उंबरठ्याच्या अलीकडे बोटभर आहेत. त्याच्यामागे जिना.

मग मुलगी त्यांना नवसारीला घेऊन गेली. निरोपाला साहेबांनी शाल दिली. काकांनी ती वितेने मोजली.

अधूनमधून फोन येतो. ख्यालीखुशाली नंतर, आधी विचारतात, “आरसे जागेवर आहेत ने?” मी सांगते, दोन्ही आहेत. चैत्रात महालक्ष्मीच्या जत्रेला येतो, म्हणतात. दोन जत्रा झाल्या. आल्यावर सहाला ऑफिसात यायचं, ट्रक चालवायचा, सातच्या गाडीने डहाणू, असं आमचं ठरलेलं आहे. मी तारखेसकट लिहून ठेवते. मग पुढच्या वर्षीच्या वहीत उतरवते. त्यांच्या जागी आलेला ड्राफ्ट्समन चांगला आहे, कामसू आहे, कानांत हेडफोन घालून रेघा ओढतो. काहीही मोजत नाही. चहाचा ग्लास मी अजून समोरच ठेवते. तो रोज डावीकडे सरकवतो.

परवा साहेबांनी नव्या ऑफिसचा नकाशा माझ्यापुढे टाकला. कुठलं टेबल कुठे, ते ठरवायला. मॉनिटर ज्या केबिनमध्ये जाणार ती नऊ फूट खोल. मी खाली बसून पट्टीने जुन्या फरशीवरचं अंतर मोजलं. टेबलामागच्या भिंतीपासून शेवटच्या रेघेपर्यंत अकरा फूट चार इंच.

“साहेब, ही केबिन पुरत नाही.”

“का? टेबल पाच फुटांचं आहे. मागे कपाट लावलं तरी जागा उरते. काय ठेवायचंय एवढं?”

“खुर्ची.”

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मग फरशीकडे. रेघा तशा फिकट झाल्या आहेत, पण तारखा वाचता येतात. टेबलापासून दारापर्यंत त्यांची नजर एकदा चालत गेली. मग त्यांनी खिशातून पेन्सिल काढली, उलटी धरली आणि त्यांच्या स्वतःच्या केबिनची भिंत खोडायला घेतली.

“किती म्हणालात?”

“अकरा फूट चार. साडेअकरा धरा.”

ते रेघ ओढेपर्यंत मी कपाटामागून चौतीस इंची पुठ्ठा काढला, पुसला आणि दाराशी आणून ठेवला. नव्या जागेत सामान जायच्या आधी तो आठ दिवस तिथे उभा करायचा आहे.